वाचनालयाच्या भिंतीसाठी वाकळ: कामाच्या नोंदी

४ जून

ठरलं एकदाचं. पेठेतल्या आमच्या जुन्या वाचनालयासाठी भिंतीवर टांगायची वाकळ करायची, ६ फूट बाय ४ फूट, आणि ती पूर्ण घराघरातून बाहेर पडणाऱ्या वस्तूंची. दुधाच्या पिशव्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, लग्नपत्रिका, एसटीची तिकिटं, साड्यांचे काठ, टेलरकडच्या चिंध्या. ६ इंचाचे चौकोन धरले तर आडवे १२ उभे ८ असे ९६ चौकोन होतात. गणपतीच्या आधी लागली पाहिजे असं ग्रंथपाल मॅडमनी सांगितलंय, म्हणजे पूर्ण पावसाळा कामाचा.

दोन गोष्टी आजच लिहून ठेवते म्हणजे नंतर कुणी कितीही सल्ले दिले तरी हलायचं नाही. एक, कशालाही रंग फासायचा नाही. शाळेतल्या टाकाऊपासून टिकाऊ प्रकल्पांमधे बाटली घ्यायची आणि तिच्यावर सोनेरी स्प्रे मारायचा हे मला कधीच पटलेलं नाही, मग ती बाटली घेतलीच कशाला, पुठ्ठा घ्यायचा की. समोर उभ्या माणसाला कळलं पाहिजे की ही अमुक दुधाची पिशवी, हा चहाचा पुडा, असाच आपल्या घरी येतो. दुसरी गोष्ट म्हणजे चिकटवायचं नाही, शिवायचं. प्लॅस्टिक, कागद, पत्रा, सुती कापड सगळे दमट हवेत आणि उन्हात वेगवेगळे फुगतात-आक्रसतात, डिंकाने बांधले की कुठेतरी सुटतातच आणि एकदा चिकटवलेलं काढायचं म्हणजे फाडायचं. टाका उसवता येतो. वाकळीचा एक तुकडा विरला की तो उसवून दुसरा लावतात, पूर्ण वाकळ कुणी टाकत नाही. मला भिंतीवर तसंच काहीतरी हवंय, दहा वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी सुई घेऊन दुरुस्त करावं असं.

८ जून

सामान गोळा करायला सुरुवात. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला तर संध्याकाळपर्यंत दाराशी इतक्या पिशव्या की चपला काढायला जागा नाही. पण त्याआधी सकाळी आमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंशी बोलले हे बरं झालं. पुण्यात कचरावेचक बायकांची संघटना जुनी आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासूनची, आणि त्यातूनच २००८ मधे स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली, दारोदार जाऊन कचरा घेणाऱ्यांची. त्यांचं घर सुक्या कचऱ्यातून निवडून विकलेल्या मालावर बरंच चालतं. म्हणजे मी ‘टाकाऊ’ म्हणून जे गोळा करतेय ते कुणाच्यातरी कमाईतलं असू शकतं, आणि ही गोष्ट अशा कलाकृतींबद्दल बोलताना फार कमी लोक काढतात.

ताईंना सरळ विचारलं कशाला भाव येतो आणि कशाला नाही. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, दुधाची पिशवी जाते, पुठ्ठा जातो, पाण्याची बाटली जाते, पत्रा तर जातोच. वेफर-बिस्किटांची चकचकीत पाकिटं कुणी घेत नाही, गोळ्यांची पाकिटं कुणी घेत नाही, चकचकीत लग्नपत्रिका रद्दीवाला बाजूला काढतो. कारण सरळ आहे, त्या वस्तूंमधे प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम नाहीतर प्लॅस्टिक आणि कागद असे थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात आणि ते वेगळे करणं परवडत नाही.

मग असं ठरलं, ज्याला भाव नाही ते लोकांकडून घ्यायचं आणि दुधाच्या पिशव्या ताईंकडून त्यांना जो भाव मिळतो त्याच्या वर पैसे देऊन. “मग मी धुऊनच आणते की, तुम्हाला वास नको यायला,” असं त्या म्हणाल्या, त्या धुण्याचे वेगळे पैसे धरलेत. ग्रुपवर आलेल्या दुधाच्या पिशव्या पण त्यांनाच दिल्या.

१२ जून

इस्त्रीचा प्रयोग. दुधाची पिशवी पॉलिथिनची असते, त्यातला हलका, मऊ प्रकार, आणि साधारण ११० अंशाच्या आसपास ती वितळायला लागते. म्हणजे घरच्या इस्त्रीवर थर एकमेकात जोडता येतात आणि डिंकाचा थेंब लागत नाही. पद्धत अशी बसलीये: पिशवी उघडून सपाट करायची, ७ इंचाचे चौकोन कापायचे (आक्रसतात म्हणून एक इंच जास्त), ६ थर रचायचे, वर-खाली बटर पेपर, इस्त्री रेशमी आणि लोकरीच्या खुणेच्या मधे कुठेतरी ठेवायची आणि थांबवायची नाही, फिरवत राहायची, मग उलटं करून परत. पूर्ण गार झाल्याशिवाय कागद सोडवायचा नाही, गरम असताना सोडवला की चौकोन पापडासारखा वळतो.

खरी गंमत आक्रसण्याची. ही पिशवी बनते ती फुग्यासारखी फुगवून ओढलेल्या पातळ फिल्मची, त्यामुळे ती एका दिशेला जास्त ओढलेली असते आणि गरम झाली की त्याच दिशेला जास्त आखडते. सगळे थर एकाच दिशेने रचले की चौकोनाचा आयत होतो. म्हणून एक थर उभा एक आडवा, प्लायवूडमधे करतात तसंच. त्यानंतर चौकोन चौकोनच राहतोय.

सगळ्यात वरचा थर पिशवीच्या बिनछपाईच्या कोऱ्या भागाचा ठेवायचा नाहीतर शाई बटर पेपरवर उतरते. आणि खिडक्या सताड उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेने, तोंडावर मास्क. गोळ्यांच्या पाकिटांना इस्त्री अजिबात लावायची नाही हे मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर चिकटवलंय कारण त्यातलं पारदर्शक प्लॅस्टिक बहुतेक वेळा पीव्हीसी असतं आणि ते तापलं की घशाला झोंबणारा आम्लाचा वायू सुटतो. घरात लहान मूल असेल तर हे काम गॅलरीतच करा.

लिटरच्या एका पिशवीतून दोन चौकोन निघतात, म्हणजे सहा थरांच्या एका ब्लॉकला तीन पिशव्या. निळ्या, हिरव्या, नारिंगी अशा रंगांचे गठ्ठे वेगळे केले. सहा थर जुळल्यावर जो रंग येतो तो एका पिशवीत कधीच दिसत नाही, मागच्या थरांवरची अक्षरं धूसर दिसत राहतात. फार सुंदर दिसतंय, खरंच.

१८ जून, बुधवार

जुना बाजार. रविवारी गर्दीत चालता येत नाही म्हणून बुधवारी गेले. तांब्याची तार हवी होती, नवी कोरी नको, मोटर वाइंडिंगमधून निघालेली, लाकेचा काळपट-तांबूस थर असलेली. मिळाली, पण भंगारात तांब्याला सोन्याचा मान, वजनावर एक रुपया सोडला नाही. येताना बोहरी आळीतून आयलेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायच्या धातूच्या कड्या, आणि पंच घेतला.

तारेचं डोक्यात आलं ते एल अनात्सुईमुळे. घानात १९४४ ला जन्मलेला हा शिल्पकार, अनेक वर्षं काम नायजेरियात न्सुका इथे. त्याला दारूच्या बाटल्यांच्या झाकणांची टाकलेली पिशवी सापडली आणि तिथून त्याने ती अ‍ॅल्युमिनियमची झाकणं आणि त्यांच्या गळ्याच्या पट्ट्या चेपून, दुमडून, पिळून तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायला सुरुवात केली. भिंतभर मोठे पडदे होतात, लांबून जरीचं कापड वाटावं असे, जवळ गेलं की झाकणावरची नावं वाचता येतात. २०१५ ला व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, त्याला जीवनगौरवाचा गोल्डन लायन मिळाला. मला त्याची सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की काम लवचीक असतं, घडी घालून पेटीतून जातं आणि ज्या भिंतीवर जाईल तिथले लोक त्याच्या चुण्या आपापल्या पद्धतीने पाडतात, तो त्यांना तशी मोकळीक देतो. चिकटवलेल्या कामात हे शक्यच नाही.

आणि त्याच्या झाकणांना इतिहास आहे. युरोपी व्यापाऱ्यांनी आफ्रिकेत दारू आणली, त्या बदल्यात काय काय नेलं, माणसंसुद्धा नेली, तो सगळा व्यवहार त्या झाकणात आहे असं तो सांगत आलाय. आपल्या दुधाच्या पिशवीत इतकं मोठं काही नसेल पण रोज पहाटे दारात पडणारी वस्तू आहे, तिच्यामागे गोठा आहे, डेअरी आहे, सायकलवरून येणारा मुलगा आहे.

२६ जून

तिकिटं. एसटीची आत्ताची मशीनमधली तिकिटं थर्मल कागदाची, त्यावर शाई नसतेच, कागदाच्या लेपातच रंग दडलेला असतो आणि उष्णतेने काळा होतो. मुद्दाम एक तिकीट इस्त्रीखाली धरून बघितलं, क्षणात पूर्ण काळंकुट्ट. आणि नुसतं ठेवलं तरी काही महिन्यांत अक्षरं उडतात, प्लॅस्टिकच्या पाकिटात तर अजूनच लवकर. म्हणजे भिंतीवर लावायला ही तिकिटं निरुपयोगी. पण त्या काळ्या होण्याचा उपयोग आहे! गरम केलेल्या दाभणाच्या टोकाने थर्मल कागदावर रेघ ओढता येते, बारीक, पेन्सिलीपेक्षा करकरीत. तशा काळ्या रेघांनी खडीच्या रस्त्यांची चित्रं काढली काही पावत्यांवर, पण ती उडणारच, म्हणून वाकळीत नाही घालणार.

वाकळीत जुनी तिकिटं, पातळ रंगीत कागदाची, कंडक्टर टिकटिक करत पंच मारायचे ती. एका काकांनी वहीत जपून ठेवलेली सगळी आणून दिली. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, काकांकडची तिकिटं त्याच रस्त्यावरची आहेत, बरीच नंतरची अर्थात. दिली तेव्हा म्हणाले, “नोकरीला जात होतो हो त्या गाडीने, शनिवारी घरी, सोमवारी परत.” पंचाची भोकं आयतीच आहेत, त्यातूनच दोरा जाईल, कागदाला नवीन छिद्र पाडायची गरज नाही.

तिकिटं आणि वेष्टनं चित्रात आणायचं काम जर्मनीतल्या हानोफरमधे कुर्ट श्विटर्सने १९१९ पासून केलं, पहिलं महायुद्ध संपलेलं, सगळं मोडलेलं, तो म्हणे मोडक्यातूनच नवीन करायचं. ट्रामची तिकिटं, चॉकलेटचे कागद, तारा, लाकडाचे ढलपे. त्याचे काही कोलाज इतके लहान आहेत की पोस्टकार्डापेक्षा फार मोठे नाहीत. मोठ्या वस्तूच्या मोहात पडलेल्या प्रत्येकाने ते बघावेत.

३ जुलै

गोळ्यांची पाकिटं. यावर पूर्ण आठवडा गेला आणि जायलाच हवा होता.

दोन जाती आहेत. एक, पुढून पारदर्शक फुगे आणि मागे चांदी, ही कडक, कापली की कडा ब्लेडसारख्या. दुसरी, दोन्ही बाजूंनी चांदीच, मऊ, गोळीच्या आकाराचे उंचवटे असलेली. दुसरी जातच घेतेय. कडा दोनदा आत दुमडायच्या, लाटण्याने दाबायच्या, मग हात कापत नाही आणि पट्टी तयार होते, बोटभर रुंद. अशा पट्ट्या एकमेकीत चटईसारख्या विणल्या की एक चौकोन. चप्पल शिवायच्या आरीने कडेला भोकं आणि तांब्याच्या तारेने टाके. पत्र्यावर दोरा चालत नाही, घासून तुटतो, तिथे तारच.

चांदी पाहिली की डोळा तिकडेच जातो, म्हणून हे चौकोन विखरून टाकायचे असं आधी डोक्यात होतं. पण पाकिटं धुऊन, पुसून टेबलावर मांडली आणि वाचायला लागले. रक्तदाब, साखर, थायरॉइड, अ‍ॅसिडिटी, परत रक्तदाब. एका पिशवीत नुसत्या कॅल्शियमच्या. एका घरातून आलेल्यात वेगळ्याच गोळ्या होत्या, मोठ्या आजाराच्या, त्या घरी काय चाललंय हे मला माहीत आहे आणि त्यांनीही मला माहीत असावं म्हणून नाही, सहज बाकीच्या पाकिटांबरोबर दिलेल्या. वस्तू कुणाच्या घरात राहून आली की ती काहीतरी बोलते. मी त्यावर रंग का फासत नाही याचं उत्तर इथे आहे.

ज्या पाकिटांवरून घर ओळखू येईल ती परत केली, सरळ सांगून. बाकीच्यात औषधांची नावं राहतील, माणसांची कुठेही नाहीत. हाच नियम लग्नपत्रिकांना, कुरियरच्या कागदांना, सगळ्याला. आणि विखरायचं नाही, चांदीचे सगळे चौकोन एकाच पट्ट्यात, मधोमध आडवा, नदीसारखा. मुठा म्हणा हवं तर.

९ जुलै

आज आजींकडे बसले. खालच्या मजल्यावरच्या, माणदेशातल्या, हयातभर वाकळी शिवल्यात. ब्लॉक दाखवले तर आधी हातात घेऊन वाकवून बघितले, मग नखाने टोकरलं. “ह्याला टाका बसंल पर घातला तिथंच फाटंल बग,” म्हणाल्या, आणि तसंच होतं. प्लॅस्टिकला जवळजवळ भोकं पडली की ती ओळ तिकिटासारखी फाटायला तयार. माझ्या मनात आयलेट होते पण ९६ चौकोनांना आयलेट म्हणजे वजन आणि खर्च दोन्ही.

आजींनी तोडगा सांगितला. प्रत्येक चौकोनाच्या चारही कडांना सुती साडीच्या काठाची गोट घालायची, प्लॅस्टिकमधून लांब लांब टाके फक्त गोटेला धरून ठेवायला, आणि चौकोन एकमेकांना जोडायचे ते गोटेला गोट, कापडाला कापड. ताण सगळा कापडावर येतो, प्लॅस्टिकवर येतच नाही. इतकं नेमकं. इंजिनियरने कागदावर काढून दिलं असतं तरी याहून चांगलं निघालं नसतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

काठ त्यांच्याच पेटीतून निघाले. इरकलीचे, नऊवारीचे, साडी विरून गेली तरी काठ शाबूत असतो कारण तिथे विण घट्ट. काही काठ बोहारणीला द्यायला काढलेल्या कपड्यांत होते, स्टीलच्या डब्याच्या बदल्यात गेले असते. डब्याचं मी देते म्हटलं तर नको म्हणाल्या, शेवटचा गोट मी घालणार एवढंच कबूल करून घेतलं.

मधेच त्यांना उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीबद्दल सांगितलं, हल्याळ-यल्लापूरकडच्या. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज, शेकडो वर्षं इथले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात, एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने फिरत फिरत मधे येतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर छोट्या घड्या घातलेले तुकडे लावतात, त्याला फुला म्हणतात. फुला नसलेली कवंदी उघडी समजतात. आजी म्हणाल्या, मग आपण पन लावू की. लावायच्या. माझ्या आराखड्यात नव्हतं, आता आहे.

१७ जुलै

लग्नपत्रिका. सगळ्यात जास्त आलेली वस्तू. कारण उघड आहे, वर गणपती असतो त्यामुळे केरात टाकवत नाही, रद्दीत देववत नाही, मग कपाटाच्या वरच्या कप्प्यात वर्षानुवर्षं साठतात. देणाऱ्या प्रत्येकाने जवळजवळ एकच वाक्य म्हटलं, बरं झालं तुम्ही मागितल्यात.

म्हणजे माझ्यावर जबाबदारी आली. गणपती कापून पायाखाली टाकणं होणार नाही, आणि ते कुठेही लावणंही बरोबर नाही. सगळे गणपती सर्वात वरच्या ओळीत, १२ चौकोन, एकापुढे एक. सोनेरी छपाईचे, मोरपिसाचे, तीन रेघांत काढलेले, मोदक धरलेले, पानाच्या आकाराचे. ही ओळ लावून बघितली तर मी थक्क झाले, आपल्याकडे छापखान्यातल्या अनाम चित्रकारांनी या एका आकाराशी काय काय केलंय. जाडजूड पत्रिकांच्या मधल्या भागात नावं होती ती सगळी कापून काढली, फक्त वेलबुट्टी, मंगलाष्टकाच्या अर्धवट ओळी आणि ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ छापाच्या ओळी ठेवल्या. ह्या ओळी सगळ्यांना माहीत आहेत, वाचनालयात येणारी मुलं तिथे थांबणार.

कागदाचे चौकोन उघडे ठेवता येत नाहीत, हात लागून मळतील. त्यांना चिकटवायचं नाही आणि लॅमिनेशनही नाही. वर पारदर्शक पिशवीचा एक थर ठेवून कडेने शिवायचं, खालची बाजू मोकळी, म्हणजे कागद बदलता येईल आणि आत बाष्प अडकणार नाही.

२४ जुलै

पाऊस थांबत नाही. काही कागदांना बुरशीचे ठिपके आले, ते बाजूला काढले आणि उरलेले पंख्याखाली पसरून ठेवलेत. खालच्या एका ओळीत चहाच्या पुड्यांचे कागद फाटके होते, त्यांना मागून जुन्या धोतराचं अस्तर लावलं. तेवढ्यासाठी मात्र खळ वापरली, मैद्याची, बाइंडर वापरतात तशी चिमूटभर मोरचूद घातलेली म्हणजे किडे लागत नाहीत. मोरचूद विषारी, त्यामुळे ते भांडं परत स्वयंपाकाला नाही. खळ पाण्याने सुटते, म्हणून नियमात बसते असं मी धरलंय.

आजींनी फुटलेल्या बांगड्या आणून दिल्या, हिरव्या काचेच्या. काच दोरा कापते म्हणून तुकडे घेता येत नाहीत. चंदिगडमधे नेक चंद यांनी बांगड्यांच्या तुकड्यांनी बायकांच्या मूर्ती केल्या त्या सिमेंटवर. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करणारा माणूस, १९५७ पासून सरकारी जंगलात लपूनछपून दगड, फुटक्या फरश्या, कपबशा, मडकी आणून बाग उभी करत होता, सरकारला कळायला बरीच वर्षं गेली, मग पाडायची सोडून १९७६ ला लोकांसाठी उघडली. नवं शहर उभारायला जी गावं उठवली त्यांचा राडारोडा त्या बागेत आहे. नव्या शहराचं कौतुक सगळे करतात, उठलेल्या गावांचं काही शिल्लक असेल तर ते तिथे.

मी अख्ख्या बांगड्या घेतल्या, जोडीतल्या एकट्या राहिलेल्या. दोऱ्याचा वेढा देत चौकोनावर बसवल्या, काचेत कुठे भोक नाही.

२ ऑगस्ट

उन्हाच्या चाचणीचा निकाल. जूनमधे खिडकीत पाकिटांच्या पट्ट्या लावल्या होत्या, अर्ध्या काळ्या कागदाखाली झाकून. पावसाळा असूनही फरक कळतोय. लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा टिकतो, पानटपरीबाहेरची जुनी पोस्टरं निळी पडलेली असतात ती यामुळेच. त्यामुळे मांडणी बदलली, लालभडक चहाचे आणि मसाल्याचे पुडे खिडकीपासून लांबच्या, डाव्या बाजूला, आणि खिडकीजवळ निळ्या पिशव्या नि चांदी.

घरातलं फर्निचर भिंतीला लावून पूर्ण ९६ जमिनीवर मांडले. वरती गणपती, मग पत्रिकांचा गुलाबी-सोनेरी, मग दुधाचा निळा, मधे चांदीची नदी, खाली हिरवा, तिकिटांचा फिका पिवळा आणि तळाला चिंध्यांचा गडद पट्टा. टेलरकाकांनी दिलेल्या चिंध्यांत शाळेच्या गणवेशाचा खाकी आणि निळा खूप आहे, तो तळाला शोभतो. स्टुलावर उभं राहून बघितलं आणि हिरव्यातले काही चौकोन फिरवले, बाकी कुठे हात लावला नाही.

१० ऑगस्ट

वाचनालयाच्या समितीने जिन्याची भिंत देऊ केली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते म्हणून. आज जाऊन नको म्हणून आले. पॉलिथिन आणि कागद दोन्ही पेटणारे, आणि जिना म्हणजे आग लागली तर बाहेर पडायचा एकच रस्ता. तिथे अशी वस्तू टांगायची नाही. शिवाय तिथे विजेचं मीटर आहे. वाचनकक्षातली मागची भिंत मागितली, वर्तमानपत्रं ठेवतात त्या बाजूची, खिडकी लांब, बोर्ड-प्लग जवळपास नाही, दोन दारं. एक सदस्य म्हणाले तिथे कोण बघणार. तिथे माणसं रोज तासभर बसतात, जिन्यात अर्धं मिनिट. मंजूर झालं.

१९ ऑगस्ट

जोडकाम. आधी आडव्या ओळी जोडल्या, मग ओळीला ओळ. आजी, टेलरकाका, वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी आणि रविवारी ताई पण आल्या, मुलीला घेऊन. ताईंनी दुधाचा पट्टा बघून लगेच ओळखलं कुठल्या पिशव्या कुठल्या गल्लीतल्या, कोणाकडे कुठलं दूध येतं हे त्यांना पाठ आहे. मुलीने गोळ्यांच्या चौकोनांतून तार ओढायला शिकून घेतलं आणि माझ्यापेक्षा सफाईने ओढली.

पूर्ण वजन ५ किलोच्या आत आहे. मागे धुतलेल्या जुन्या चादरीचं अस्तर, फक्त वरून शिवलेलं, खालून मोकळं, म्हणजे कुठल्याही चौकोनाच्या मागे हात जातो. वरच्या कडेला नळीसारखी पट्टी, त्यात लाकडी काठी. भिंतीपासून दोन इंच पुढे राहील अशा खुंट्या, पावसाळ्यात जुन्या भिंतीला ओल येते, हवा खेळली पाहिजे.

फुला आजींनी लावल्या. चार कोपरे, चार वेगवेगळ्या काठांच्या घड्या, आणि शेवटचा गोटही ठरल्याप्रमाणे त्यांचाच.

२४ ऑगस्ट

लागली. आज दुपारी. सरळ ताणून न बसवता थोडी सैल सोडली, चांदीचा पट्टा आता आत-बाहेर होतो आणि पंख्याच्या वाऱ्याने जरा हलतो. पेपर वाचायला येणारे आजोबा आधी लांबून बघत होते मग चष्मा बदलून जवळ आले आणि गोळ्यांची नावं एकेक करून वाचली, “ही मी घेतो, ही पण घेतो, ही बंद केली डॉक्टरनी.” तिकीटवाले काका आपलं तिकीट शोधत होते, सापडलं, डावीकडून चौथं, खालून दुसऱ्या ओळीत. एका बाईंनी विचारलं यावर वार्निश मारणार का, म्हटलं नाही.

मॅडमकडे एक डबा देऊन आले. त्यात सुया, आरी, मेण लावलेला दोरा, तारेचं भेंडोळं, दर रंगाचे दोन-दोन जादा चौकोन आणि एक पान: धूळ कोरड्या मऊ ब्रशने, पाणी नाही, फिनेल नाही. पत्रिकांचे कागद फिके पडले की खालच्या मोकळ्या बाजूने ओढून नवीन सरकवायचे. सुटलेला चौकोन दिसला की चारही बाजूंचे गोटेचे टाके उसवायचे, प्लॅस्टिकमधला टाका उसवायचा नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मी येऊन एकदा सगळे जोड तपासणार आहे, तळाच्या ओळीचे आधी, तिथे लहान मुलांचे हात पोचतात.

ताईंच्या मुलीला गॅलरीसाठी छोटी वाकळ करायचीये, वेफरच्या पाकिटांची. ती पाकिटं इस्त्रीवर पॉलिथिनसारखी जुळत नाहीत, त्यांच्या पट्ट्या विणाव्या लागतील. उद्या संध्याकाळी बसतोय.